लबाड माणूस व इमानी कुत्रा : फ्रेंच विनोदी चित्रपटाच्या एका कुळाचा अभ्यास

घरांतील लहानथोर मंडळींनीं एकत्र बसून पाहावे असे विनोदी चित्रपट फ्रान्स देशांत फार दिवसांपासून निघत आले आहेत. त्यांतील कित्येकांत दोन पात्रें शेजारीं शेजारीं उभीं असलेलीं आढळतात. एक लबाड माणूस व दुसरा कुत्रा. लबाडानें बेत रचावा, आणि त्या बेताचा गंधही नसलेल्या कुत्र्यानें तो उधळून लावावा, हें ह्या कथांचें साधें सूत्र होय. मुलांस असे चित्रपट अतिशय आवडतात. पालकांच्या मनांत मात्र एक शंका राहते. चोराला पाहून मुलांनीं शिसारी धरावी कीं हसावें? आणि हसण्याची एकदां संवय लागली, तर लबाडी ही वाईट गोष्ट आहे हें त्यांच्या मनावर कसें ठसावें?

ही शंका क्षुल्लक नाहीं, आणि ती आजचीही नाहीं. फ्रान्समध्यें ह्याच प्रश्नावरून एका नाटकास मनाई झालेली आहे. म्हणून चित्रपट चांगला कीं वाईट असा एकदम निकाल न देतां, ह्या कथांचें कूळ कोठून निघालें, त्यांतील हंशाचें यंत्र कसें चालतें, व त्या हंशामागें कोणतें सत्य दडलेलें आहे, हें आम्ही ह्या लेखांत क्रमाक्रमानें पाहणार आहों.

दंतकथेंतील कुत्रा

ह्या कुळाचा मूळपुरुष शोधूं गेलें असतां आपण चौदाव्या शतकांतील एका दंतकथेपाशीं येऊन पोहोंचतों. पांचवा चार्ल्स हा फ्रान्सचा राजा असतां ओब्री द मोंदिदिए नांवाच्या एका सरदाराचा पॅरिसजवळील बोंदीच्या अरण्यांत खून झाला. पाहणारा मनुष्य कोणी नव्हता. होता तो केवळ ओब्रीचा कुत्रा. पुढें माकेर नांवाच्या एका गृहस्थाला पाहतांच हा कुत्रा अंगावर धांवून जाऊं लागला. इतरांशीं तो गरीब असे. ह्या एकाशींच त्याचें वैर. राजास संशय आला, व त्यानें त्या काळच्या रूढीस अनुसरून वादी व प्रतिवादी ह्यांचें द्वंद्व लावून दिलें. वादी कुत्रा, प्रतिवादी माणूस! माकेरच्या हातीं सोटा दिला, व कुत्र्याला आसऱ्यासाठीं एक पिंप दिलें. कुत्र्यानें पिंपाभोवतीं फिरून हुलकावण्या दिल्या व शेवटीं त्याचा गळा धरला. माकेरनें अपराध कबूल केला, आणि त्यास शासन झालें.

ही गोष्ट इतिहास नव्हे. अशाच प्रकारची कथा त्याहून जुन्या फ्रेंच काव्यांत येते, म्हणून अभ्यासक तिला दंतकथाच मानतात. मोंतार्जी येथील किल्ल्यांत हें द्वंद्व चितारलेलें होतें, त्यावरून ह्या कुत्र्यास ‘मोंतार्जीचा कुत्रा’ असें नांव पडलें. गोष्ट खरी नसली तरी तिच्यांतील विचार लक्षांत ठेवण्यासारखा आहे. माणसाची जीभ खोटें बोलूं शकते. कुत्र्याला तशी जीभच नाहीं. त्यामुळें जेथें सर्व माणसांची साक्ष संपते, तेथें कुत्र्याची साक्ष सुरू होते.

१८१४ सालीं पिक्सेरेकूर नांवाच्या नाटककारानें पॅरिस येथें ह्या कथेवर नाटक रचलें व त्यांत रंगभूमीवर खराखुरा कुत्रा आणला. नाटकाचा बोलबाला फ्रान्सच्या बाहेरही झाला. जर्मनींतील वायमार येथें तर त्यानें मोठाच घोटाळा उडवून दिला. तेथील नाटकगृहाचा कारभार महाकवि गटे ह्याजकडे होता. रंगभूमीवर कुत्रा नाचविणें त्यास मुळींच पसंत नव्हतें. परंतु वरिष्ठांची इच्छा निराळी पडली. एप्रिल १८१७ मध्यें शिकविलेल्या पूडल जातीच्या कुत्र्यासह तो प्रयोग झाला, आणि गटेचा त्या नाटकगृहाशीं असलेला अनेक वर्षांचा संबंध तुटला. एवढ्या थोर कवीचें आसन हालविणारा प्राणी सामान्य कसा म्हणावा!

लबाडाचा हंसरा मुखवटा

आतां दुसऱ्या पात्राकडे वळूं. दंतकथेंतील खुनी माकेर ह्याचेंच नांव धारण करून एक नवा लबाड १८२३ सालीं पॅरिसच्या रंगभूमीवर अवतरला. नाटकाचें नांव ‘आद्रेची सराई’. त्यांत रॉबेर माकेर व बेर्त्रां असे तुरुंगांतून पळालेले दोन बदमाश आहेत. लेखकांनीं हीं पात्रें गंभीरपणें रंगविलीं होतीं. प्रेक्षकांनीं त्यांना भ्यावें असा त्यांचा हेतु. परंतु माकेरचें काम फ्रेदेरिक लमेत्र नांवाच्या तरुण नटाकडे आलें. ठिगळांचे कपडे व एका डोळ्यावर पट्टी अशा थाटांत तो आला, आणि तींच गंभीर वाक्यें त्यानें अशा ऐटींत म्हटलीं कीं सारें प्रेक्षागृह हंसूं लागलें. भयंकर खुनी होता तो एका नटाच्या चातुर्यानें थट्टेखोर भामटा झाला. आज चित्रपटांत आपण जो हंसविणारा चोर पाहतों, त्याचा पूर्वज हाच होय. १९४५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘स्वर्गाचीं मुलें’ ह्या मोठ्या फ्रेंच बोलपटांत लमेत्र हें एक प्रमुख पात्र असून, त्यांत हाच प्रसंग दाखविला आहे.

पुढें लमेत्रनें रॉबेर माकेर ह्याच नांवाचें स्वतंत्र नाटक रंगभूमीवर आणलें. त्यांत हा भामटा जंगलांत न राहतां शहरांत येतो, भागीदारीची कंपनी काढतो, व लोकांचा पैसा बुडवितो. चित्रकार दोमिए ह्यानें १८३६ ते १८३८ ह्या काळांत माकेरवर शंभर व्यंगचित्रें काढलीं. कोठें तो पेढीवाला, कोठें वकील, कोठें वैद्य, कोठें वर्तमानपत्रकार. प्रत्येक चित्राचा अर्थ एकच होता. ठिगळांच्या कोटांतला चोर ओळखणें सोपें असतें. इस्त्रीच्या कोटांतला चोर ओळखण्यास डोळे लागतात. हा विनोद सरकारास झोंबला. १८३५ सालच्या कडक कायद्यानें नाटकांवर व चित्रांवर निर्बंध आले, आणि माकेरचें नाटक बंद पडलें.

येथें विद्यार्थ्यांनीं क्षणभर थांबून विचार करावा. सरकारनें वरवर सांगण्यासारखें कारण हें कीं, चोर हंसरा झाला तर लोक चोरीला भिणार नाहींत. परंतु खरें भय निराळेंच असावें असें आम्हांस वाटतें. लोक चोराला हंसतां हंसतां साळसूद मंडळींकडेही बोट दाखवूं लागले होते. म्हणजे एकाच हंशाचे दोन परिणाम होऊं शकतात. तो चोराला प्रिय करूं शकतो, किंवा चोराला उघडा करूं शकतो. कोणता परिणाम होतो हें कथा कशी रचली आहे ह्यावर, आणि पाहणारा किती जागा आहे ह्यावर अवलंबून असतें.

पडद्यावर आगमन

२८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिस येथील ग्रां काफेमध्यें ल्यूमिएर बंधूंनीं पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकांस चलच्चित्रें दाखविलीं. त्यांतील पहिलें चित्र लियों शहरांतील त्यांच्याच कारखान्यांतून सुटणाऱ्या कामगारांचें होतें. सुमारें पाऊण मिनिटाच्या त्या चित्रांत बायका, पुरुष व दुचाक्या ह्यांच्या गर्दींत एक कुत्राही बागडतांना दिसतो. त्यास कोणीं काम नेमून दिलें होतें असें दिसत नाहीं. आपण होऊन आला, आणि चित्रपटाच्या इतिहासांत कायमचा जाऊन बसला. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर ह्यांच्या चित्रांचा खेळ झाला, त्या कार्यक्रमांतही कारखान्यांतून सुटणाऱ्या कामगारांचें चित्र होतें.

पॅरिसच्या त्या पहिल्या खेळांत एक विनोदी चित्रही होतें. माळी नळीनें बागेस पाणी घालीत आहे. एक द्वाड मुलगा मागून येऊन नळीवर पाय देतो. पाणी बंद! माळी नळीच्या तोंडाशीं डोळा लावून पाहतो, तोंच मुलगा पाय काढतो व माळी भिजून जातो. पण गोष्ट येथें संपत नाहीं. माळी मुलाला धरून आणतो व त्यास चोप देतो. विनोदाच्या पहिल्याच पाठांत खोडी व तिची शिक्षा एकत्र आली आहेत, हें ध्यानांत घ्यावें.

त्यानंतर दहा-बारा वर्षांतच आमचीं दोन्ही पात्रें पडद्यावर आलीं. १९०६ सालीं जादूगार चित्रकर्ता मेलिएस ह्यानें रॉबेर माकेर व बेर्त्रां ह्या जोडगोळीवर चित्रपट काढला. त्याच वर्षीं पाथे कंपनीनें सरहद्दीवर चोरटा माल वाहून नेणाऱ्या कुत्र्यांवर एक चित्रपट तयार केला. १९०७ मध्यें ह्याच कंपनीचा, झेक्का ह्यानें काढलेला, ‘शिपायांची शर्यत’ हा मूकपट निघाला. त्यांत कुत्रा हाच चोर आहे. तो खाटकाच्या दुकानांतून मांसाचा तुकडा पळवितो, व शहरांतील शिपाई त्याच्या मागें धांवतात. कुत्रा घराच्या उभ्या भिंतीवरून चढून जातो, शिपाईही त्याच भिंतीवरून चढतात. ही करामत कशी केली? भिंतीचें चित्र रंगवून तें जमिनीवर पसरलें, यंत्र वरून खालीं रोखलें, आणि नट त्या चित्रावरून रांगत गेले. शेवटीं कुत्रा आपल्या घरापाशीं पोहोंचतो, मागें वळतो, आणि आतां कुत्रा पुढच्या शिपायांना पळवूं लागतो. काठी हातांत असलेला मोठा समाज एका भुकेल्या कुत्र्यासाठीं जिवाचें रान करतो, ह्यांतच सारी मौज आहे.

पडद्यामागील कडू सत्य

सरहद्दीवरील कुत्र्यांचा चित्रपट प्रेक्षकांनीं गंमत म्हणून पाहिला असेल. परंतु त्याचा विषय कल्पित नव्हता. एकोणिसाव्या शतकांत बेल्जममधून फ्रान्समध्यें येणाऱ्या मालावर जबर जकात असे. नाजूक लेस, तंबाखू असा हलका पण मोलाचा माल जकात चुकवून आणण्यासाठीं चोरट्या व्यापाऱ्यांनीं एक निर्दय युक्ति काढली. कुत्र्याला फ्रान्समधील घरीं चांगलें खाऊंपिऊं घालून वाढवावयाचें. मग त्याला सरहद्दीपलीकडे बेल्जममध्यें नेऊन उपाशी ठेवावयाचें व मारहाण करावयाची. त्यानंतर त्याच्या अंगाभोवतीं लेस गुंडाळून, वरून मोठ्या कुत्र्याचें कातडें चढवून त्यास सोडून द्यावयाचें. भुकेला, भ्यालेला तो जीव रानावनांतून सरळ आपल्या प्रेमाच्या घरीं धांवत सुटे. त्याच्या मनांत घर. मालकाच्या मनांत नफा.

फ्रेंच जकात खात्यानें ह्यावर उपाय योजला तोही कुत्र्यावरच. लेसच्या इतिहासावरील ग्रंथांत त्या खात्याचे आंकडे दिलेले आहेत. त्यांवरून १८२० ते १८३६ ह्या काळांत असे ४०,२७८ कुत्रे ठार करण्यांत आले, व प्रत्येकाबद्दल तीन फ्रँक बक्षीस देण्यांत आलें. कायदा मोडणारा माणूस घरीं सुखरूप बसला. खाल्ल्या मिठाला जागणारा कुत्रा मात्र गोळीला बळी पडला. ह्या चाळीस हजारांपैकीं एकानेंही जकात म्हणजे काय हें जाणलें नव्हतें.

हा आंकडा वाचल्यावर ‘लबाड व कुत्रा’ ह्या जोडीकडे निराळ्या दृष्टीनें पाहणें भाग पडतें. इमान हा सद्गुण खरा; परंतु तें इमान कोणाच्या हातीं पडतें त्यावर त्याचें फळ ठरतें. आणि ज्यास चांगलें-वाईट कळतें त्याचा दोष, ज्यास तें कळत नाहीं त्याच्या माथीं मारणें हा अन्याय होय. हा अन्याय कुत्र्याच्याच बाबतींत होतो असें नाहीं. मोठ्या माणसांनीं लहान मुलांस चोरीच्या कामीं पुढें करावें आणि पकडलें जावें तें मूल, असें अनेक देशांत घडलेलें आहे.

हंशाचें यंत्र

आतां ह्या चित्रपटांत हंसूं कां येतें तें पाहूं. आमच्या मतें त्याचीं कारणें तीन आहेत.

पहिलें कारण, कुत्र्याला वेषांतर कळत नाहीं. लबाडानें दाढी लावावी, अधिकाऱ्याचा झगा घालावा, सारें गांव फसावें. पण कुत्रा वासानें ओळखतो. मोंतार्जीच्या कथेंत ह्याच गुणानें भय उत्पन्न केलें. विनोदांत तोच गुण हंसूं उत्पन्न करतो.

दुसरें कारण, कुत्र्याला किंमत कळत नाहीं. माणूस ज्या हिऱ्यासाठीं जीव धोक्यांत घालतो, तो हिरा व एक हाडूक ह्यांत कुत्रा हाडूकच निवडील. त्यामुळें लोभी माणसाची सारी धडपड एकदम हास्यास्पद दिसूं लागते.

तिसरें कारण, कुत्र्याला मानमरातब कळत नाहीं. ह्याचें उत्तम उदाहरण जाक ताती ह्याच्या ‘माझा मामा’ ह्या १९५८ सालच्या चित्रपटांत आहे. ह्यांत चोर कोणी नाहीं. तरी कुत्र्यांचा उपयोग कसा करावा हें शिकण्यास तो पाहावाच. आरंभीं गल्लीबोळांतील भटक्या कुत्र्यांचा एक कळप धांवतांना दिसतो, व त्यांत अंगांत चौकटीचा कोट घातलेला एक बुटका डॅक्सहुंड आहे. तो एका श्रीमंत, अत्याधुनिक बंगल्यांतला. भटके मित्र फाटकाशीं अडतात, व कोटवाला आंत जातो. त्याच बंगल्याच्या मोटारखान्यास विजेच्या किरणानें आपोआप मिटणारें दार आहे. मालक व मालकीणबाई नव्या यंत्राच्या कौतुकांत आंत असतां कुत्रा त्या किरणासमोरून जातो, दार मिटतें, आणि दोघें आपल्याच वैभवांत कोंडलीं जातात. कुत्र्यानें खोडी केली नाहीं. तो केवळ चालला. ह्या चित्रपटास पुढें अमेरिकेंतील ऑस्कर पारितोषिकही मिळालें.

पडद्यावरील कुत्र्याचें ‘काम’ तरी काय असतें? पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, सप्टेंबर १९१८ मध्यें, फ्रान्समधील फ्लिरे ह्या गांवीं एका अमेरिकन शिपायास उध्वस्त जागेंत कुत्र्याचें एक पिल्लू सांपडलें. फ्रेंच लोक शिपायांस शुभ म्हणून देत त्या बाहुलीवरून त्याचें नांव रिन-टिन-टिन ठेवलें. पुढें तो अमेरिकेंतील मूकपटांचा मोठा नट झाला. तो १९३२ सालीं मरण पावला, व त्याची समाधि पॅरिसजवळील आस्निएर येथें १८९९ सालीं स्थापन झालेल्या कुत्र्यांच्या दफनभूमींत आहे. असा कुत्रा अभिनय करीत नाहीं. तो आपल्या शिक्षकाच्या हाताकडे व आवाजाकडे लक्ष ठेवून असतो. भाव आपण त्याच्या मुखावर वाचतों. म्हणून चित्रपट पाहतांना कुत्र्याचे डोळे कोठें वळले आहेत हें पाहावें; बहुधा ते यंत्रामागें उभ्या असलेल्या त्याच्या माणसाकडे असतात.

कायद्याची वाटचाल

ह्या शतकभराच्या करमणुकीबरोबर फ्रान्सचा कायदाही हळूहळू बदलत गेला. २ जुलै १८५० रोजीं सेनापति ग्रामों ह्यांच्या प्रयत्नानें पाळीव जनावरांस चारचौघांदेखत क्रूरपणें वागविणाऱ्यास दंड व कैद ठरविणारा कायदा झाला. त्यांत एक मोठी उणीव होती. दाराआड केलेला छळ गुन्हा ठरत नसे. ही अट १९५९ मध्यें काढून टाकली. २०१५ सालीं फ्रान्सच्या दिवाणी संहितेंत प्राणी हे संवेदना असलेले जीव आहेत असें स्पष्ट लिहिलें गेलें. २०२१ च्या कायद्यानें दुकानांत कुत्रीं-मांजरें विकण्यास मनाई ठरविली, व ती १ जानेवारी २०२४ पासून अंमलांत आली. ज्या देशांत एके काळीं कुत्र्याच्या प्राणाचें मोल तीन फ्रँक बक्षीस एवढेंच होतें, त्या देशानें येथवर मजल मारली. ह्याचें श्रेय चित्रपटांस देणें अतिशयोक्तीचें होईल. पण मुक्या जीवाच्या बाजूनें हंसावयास व हळहळावयास शिकलेला प्रेक्षक अशा कायद्यांस सहज अनुकूल होतो, इतकें म्हणण्यास हरकत नाहीं.

पालकांस व विद्यार्थ्यांस

तेव्हां पालकांच्या शंकेचें उत्तर आमच्या मतें असें आहे. चोराला हंसण्यानें मूल बिघडत नाहीं. चोराबरोबर हंसण्यानें बिघडण्याचा संभव असतो. ज्या चित्रपटांत लबाडाची युक्ति त्याच्याच गळ्यांत येते व निरपराध जीव सुखरूप घरीं पोहोंचतो, तो मुलांस खुशाल दाखवावा. ज्यांत कुत्र्याच्या किंवा दुबळ्या माणसाच्या वेदनेवर हंशा पिकविला आहे, तो चोर नसला तरी वाईट. चित्रपट संपल्यावर मुलांस उठून जाऊं न देतां दोन घटका त्यांच्याशीं बोलावें; बंदीपेक्षां अशा बोलण्याचा उपयोग अधिक होतो.

विद्यार्थ्यांनीं असा चित्रपट पाहिल्यावर पुढील प्रश्नांचीं उत्तरें आपल्या वहींत लिहावीं :

१. आपण कोणाला हंसलों, व कोणाबरोबर हंसलों?

२. कथेंतील नुकसान अखेर कोणी सोसलें? ज्यानें बेत रचला त्यानें, कीं ज्यास बेत ठाऊक नव्हता त्यानें?

३. कुत्र्याच्या जागीं एखादें लहान मूल किंवा गरीब नोकर घातला, तर तीच गोष्ट आपणांस हंसण्यासारखी वाटेल काय?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर लिहावयास वेळ लागेल. तो अवश्य घ्यावा.